बिघाड नेमका कुठे?

बँकेच्या खिडकीपाशी, तहसील कचेरीत, आरक्षणाच्या रांगेत एक वाक्य हल्ली हमखास कानावर पडते. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ या वाक्याला जे वजन होते, ते आता याला आले आहे. ऐकणाऱ्याने मान डोलवायची आणि उद्या परत यायचे. पण त्याच वेळी आतल्या खोलीत कुणीतरी एक माणूस घामाघूम होऊन त्या यंत्रापुढे उभा असतो, आणि त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: बिघाड नेमका कुठे आहे? आज या प्रश्नाचाच थोडा इतिहास सांगायचा आहे.

सर्व्हर म्हणजे काही वेगळ्या जातीचे यंत्र नव्हे. आपल्या टेबलावर असतो तसाच तो संगणक. फरक इतकाच की तो एकट्यादुकट्याचे काम करत नाही, शेकडो जणांची कामे करतो आणि रात्रंदिवस चालू राहतो. त्याला बाहेरून दोन गोष्टी लागतात. एका वायरीतून वीज, आणि दुसऱ्या वायरीतून निरोपांची ये-जा. अनुभवी दुरुस्तीवाला आधी या दोन वायरींपाशी जातो. यात गंमत अशी की दुरुस्तीला बहुधा वेळ लागतच नाही. सैल झालेला प्लग घट्ट बसवायला दोन सेकंद पुरतात. तो सैल आहे हे कळायला दोन दिवस जातात. संगणकाच्या इतिहासात यंत्रे बनवणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. हे दोन दिवस दोन मिनिटांवर आणणारी माणसे मात्र तळटिपांत राहिली. कधी कधी तळटिपेतही नाहीत.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करू. तिथल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘एनिअ‍ॅक’ नावाचा अवाढव्य संगणक बांधला गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगापुढे आला. ज्यांनी जुना रेडिओ पाहिला आहे त्यांना व्हॉल्व्ह आठवत असतील. काचेच्या त्या नळ्या तापल्या की मग आवाज यायचा. रेडिओत असे चार-सहा व्हॉल्व्ह असत. एनिअ‍ॅकमध्ये होते सुमारे साडेसतरा हजार. त्याला वीज लागे दीडशे किलोवॉटच्या आसपास. तो सुरू केला की शहरातले दिवे मंद होत, अशी एक कथा पुढे पसरली. ती कथाच आहे. पण साडेसतरा हजार व्हॉल्व्हची धास्ती मात्र खरी होती. हिशेब करून पाहा. एक व्हॉल्व्ह दोन हजार तास टिकतो असे धरले, तर इतक्यांपैकी कुठला ना कुठला दर सात मिनिटांनी जाणार. सात मिनिटांत गणित संपणार नाही, आणि गेलेला व्हॉल्व्ह सापडणारही नाही. असले यंत्र चालणेच शक्य नाही, असे म्हणणारे जाणकार तेव्हा कमी नव्हते.

या यंत्राचा मुख्य अभियंता होता प्रेस्पर एकर्ट. काम सुरू झाले तेव्हा जेमतेम चोविशीतला. त्याने व्हॉल्व्ह बदलले नाहीत, त्यांना वागवण्याची रीत बदलली. कारखान्याने जितका दाब सांगितला असेल त्याहून बराच कमी दाब द्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह थकत नाही. दुसरे म्हणजे, वीज शक्यतो बंदच करायची नाही. व्हॉल्व्ह बहुधा जातात ते चालू असताना नव्हे, तर चालू-बंद करताना. थंड तार एकदम तापते, तापलेली एकदम निवते, आणि त्या ताणाने तुटते. घरातला बल्बसुद्धा बटण दाबतानाच ‘टक्’ करून जायचा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिसरी गोष्ट मला फार आवडते. तारांवरचे आवरण उंदीर कुरतडतात हे एकर्टला ठाऊक होते. तेव्हा त्याने बाजारात मिळणाऱ्या तारांचे नमुने उंदरांच्या पिंजऱ्यात टाकले आणि ज्या आवरणाला उंदरांनी तोंड लावले नाही तीच तार वापरली. आपल्याकडे आजही उंदरांनी केबल कुरतडली की सगळे कार्यालय बसते. ही परीक्षा निविदेत घालायला हरकत नाही!

या सगळ्याचा परिणाम असा झाला की व्हॉल्व्ह जाण्याचे प्रमाण साधारण दोन दिवसांत एक इतके खाली आले. आणि एकर्टने पुढे सांगितले त्याप्रमाणे गेलेला व्हॉल्व्ह पंधरा मिनिटांत शोधता येई. साडेसतरा हजारांतला एक, पंधरा मिनिटांत! ते कसे?

इथे सहा तरुणींची गोष्ट येते. के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रुथ लिक्टरमन. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते हाताने करण्यासाठी नेमलेल्या स्त्रियांमधून यांची निवड झाली होती. एनिअ‍ॅकला गणित कसे सांगायचे हे ठरवणे त्यांचे काम. पण सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत जाण्याची परवानगीच नव्हती. प्रकल्प गुप्त होता. म्हणून त्या जोडणीचे आराखडे घेऊन बसल्या आणि कागदावरून यंत्र शिकल्या. त्याचा फायदा असा झाला की कुठला आकडा कोणत्या वाटेने कुठे जातो हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले. उत्तर चुकले की त्या मागे मागे जात. इथपर्यंत आकडा बरोबर, इथून पुढे चूक. मग या दोहोंच्या मधे काय आहे? असे करत करत त्या थेट एका व्हॉल्व्हवर बोट ठेवू शकत. अभियंत्यांनाही ते अनेकदा जमत नसे. फेब्रुवारी १९४६ मधल्या प्रदर्शनानंतर पुढाऱ्यांची आणि शास्त्रज्ञांची मेजवानी झाली. या सहाजणींना तिचे आमंत्रण नव्हते. त्यांची नावे लोकांसमोर यायला पुढे चाळीसएक वर्षे लागली.

बिघाड शोधण्याची गोष्ट निघाली की कुणीतरी पतंगाचा किस्सा सांगतोच, म्हणून तोही उरकून घेऊ. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या संगणकात एका रिलेच्या दोन पट्ट्यांमध्ये पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी गमतीने टीप लिहिली. ‘बग’ हा शब्द त्यावरून आला असे जे सांगतात ते खरे नाही. एडिसन १८७८ सालीच आपल्या पत्रात यंत्रातल्या दोषांना किडे म्हणत होता. पतंगाच्या नोंदीचे खरे मोल वेगळेच आहे. दिवस, वेळ, कितवा रिले, काय सापडले, हे सगळे त्या मंडळींनी लिहून ठेवले. आजही सर्व्हरच्या खोलीत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू कोणती, तर नोंदवही.

आता बॉस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत जाऊ. तिथे जे फॉरेस्टर आणि रॉबर्ट एव्हरेट हे ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक बांधत होते. १९५१ च्या सुमारास तो कामाला लागला. एनिअ‍ॅक थांबला तर गणित उद्यावर जाई, एवढेच. व्हर्लविंडला विमानांवर नजर ठेवायची होती. त्याला थांबून चालणार नव्हते. फॉरेस्टरच्या माणसांनी आधी व्हॉल्व्ह का मरतात याचाच पाठपुरावा केला. त्यांना दिसले की व्हॉल्व्हच्या आतल्या निकेलच्या भागात सिलिकॉन मिसळलेले असते आणि त्यामुळे काही काळाने तो निकामी होतो. सिलिकॉन काढून टाकल्यावर आयुष्य कितीतरी वाढले. पण त्याहून मोठी युक्ती पुढची आहे. त्यांनी असे ठरवले की रोज काही वेळ यंत्राला मुद्दाम त्रास द्यायचा. नेहमीचा विद्युतदाब थोडा वाढवायचा, थोडा उतरवायचा, आणि ओळखीचे गणित घालायचे. धडधाकट भाग हा फरक सहन करतात. जो भाग आतून खचलेला आहे, पण अजून बोलत नाही, तो या परीक्षेत चुकतो. लगेच तो बदलायचा. म्हणजे उद्या दुपारी ऐन कामात होणारा बिघाड आज सकाळी आपल्या सोयीने घडवून आणायचा.

मला ही कल्पना संगणकाच्या इतिहासातल्या पहिल्या चार-पाच कल्पनांत घालावीशी वाटते. मडके विकत घेताना आपली आजी त्याला टिचकी मारून पाहायची, त्याच जातीची ही अक्कल. व्हर्लविंडमधूनच पुढे अमेरिकेची ‘सेज’ ही हवाई संरक्षण यंत्रणा उभी राहिली. १९५८ ते १९८३ अशी पंचवीस वर्षे ती चालली. तिच्या प्रत्येक केंद्रातला संगणक एकटा नसे, जोडीने असे, आणि त्या जोडीत मिळून जवळजवळ पन्नास हजार व्हॉल्व्ह असत. एक काम करी, दुसरा तयार राही. टेलिफोनच्या तारांवरून दूरवरच्या रडारची माहिती तिथे येई. म्हणजे आजच्या सर्व्हरच्या खोलीत जे जे असते, त्याची जोडयंत्रे, राखीव वीज, जाळ्याच्या तारा, ते सगळे तेव्हाच एका छपराखाली आले होते. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने भारतीय बनावटीचा संगणक उभा राहत होता. १९६० साली तो सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. एवढ्या संख्येने व्हॉल्व्ह असलेले यंत्र चालवायचे म्हणजे ते बांधण्याइतकेच शोधण्याचेही काम.

व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली. विजेचे दुखणे मात्र गेले नाही. त्याने फक्त जागा बदलली. आजच्या सर्व्हरमध्ये पॉवर सप्लाय नावाची एक पेटी असते. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर उतरवते. हे दाब ठरावीक मर्यादेत राहावे लागतात. १२ व्होल्टच्या तारेत साधारणपणे ११.४ च्या खाली किंवा १२.६ च्या वर जाऊन चालत नाही. सगळे दाब स्थिर झाले की ही पेटी मुख्य पाटीला ‘वीज ठीक आहे’ असा एक इशारा देते. तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागा होत नाही. पंखे फिरताहेत, दिवा लागला आहे, पण पडद्यावर काहीच नाही, अशा वेळी जाणकार माणूस या इशाऱ्याची चौकशी करतो.

पॉवर सप्लाय पूर्ण मेला तर प्रश्न सोपा असतो. तो अर्धमेला झाला की खरी परीक्षा. काम हलके असताना मल्टीमीटर लावावा तर आकडा अगदी बरोबर दाखवतो. दुपारी काम वाढले की दाब क्षणभर बसतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. मग कुणी म्हणते मेमरी खराब आहे, कुणी म्हणते डिस्क, कुणी म्हणते व्हायरस. मेमरी बदलली जाते, डिस्क बदलली जाते, सगळे सॉफ्टवेअर नव्याने घातले जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

याचा सर्वांत मोठा धडा जगाला १९९९ ते २००७ या काळात मिळाला. संगणकांच्या पाट्यांवर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. विजेतले चढउतार पोटात घेऊन पुढे सुरळीत वीज देणे हे त्यांचे काम. तैवानमधून आलेल्या काही कपॅसिटरांच्या आतले रसायन सदोष होते. त्यातून वायू तयार होई, डबी फुगे, डोक्यावरची खाच फाटे आणि तपकिरी राप बाहेर येई. हे रसायनाचे सूत्र चोरून आणि तेही अर्धवट चोरून बनवले गेले, अशी कथा तेव्हा फिरली होती. ती सिद्ध झालेली नाही. पण जगभर लाखो पाट्या निकामी झाल्या हे खरे, आणि एकट्या डेल कंपनीने २००५ साली या दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले. यातला विरोधाभास पाहा. ज्या दोषाने जगभरच्या तंत्रज्ञांना महिनोन् महिने भंडावले, तो शोधायला कोणतेही उपकरण लागत नव्हते. झाकण उघडून नुसते पाहायचे होते. सपाट डोक्याच्या रांगेत एक-दोन फुगलेली डोकी दिसली की निदान झाले.

डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषासाठी जुने वायरमन करत आले आहेत तोच उपाय आहे: अदलाबदल. मोठ्या सर्व्हरमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात. एक तक्रार करत असेल तर दोघांच्या जागा बदलायच्या. तक्रार पेटीबरोबर दुसऱ्या जागी गेली तर दोष पेटीत. जागेवरच राहिली तर दोष त्या खाचेत, तारेत किंवा भिंतीतल्या सॉकेटात. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, एवढे पथ्य पाळायचे. घाईत दोन गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू झाले, की ते का चालू झाले हे कायमचे कळेनासे होते.

विजेइतकाच दुसरा संशयित म्हणजे निरोपांची वायर. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ‘इथरनेट’ची कल्पना पुढे आणली. एकच जाड केबल इमारतभर फिरवायची आणि सगळे संगणक तिलाच जोडायचे. पुढे तिची पातळ आणि स्वस्त आवृत्ती निघाली, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्याही पुष्कळ कार्यालयांत तीच होती. काळी केबल, प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणे. ही टोपणे कशाला? तर केबलमधून गेलेला विजेचा ठोका उघड्या टोकावर आपटून परत येतो, आपला आवाज दरीतून परत यावा तसा, आणि नव्या निरोपात मिसळतो. टोपण तो प्रतिध्वनी गिळून टाकते. म्हणूनच एखाद्याने टेबल सरकवताना एक जोड निखळवला, तर त्याचा एकट्याचा संगणक बंद पडत नसे. त्या केबलवरचे सगळेच बंद पडत. आणि ज्याने टेबल सरकवले तो माणूस बहुधा चहाला गेलेला असे.

तीस संगणक एका माळेत, तुटलेला जोड एकच. शोधायचा कसा? एका टोकापासून एकेक जोड तपासत गेलो तर संध्याकाळ होईल. म्हणून मधोमध केबल सोडवायची, तिथे एक टोपण लावायचे आणि पाहायचे की कोणता अर्धा भाग चालू झाला. मग बिघडलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. अशा पाच खेपांत तिसातला एक सापडतो. त्याहून सुटसुटीत उपाय साध्या मीटरचा होता. दोन्ही टोकांना ५० ओहम असतील तर मधल्या कुठल्याही जोडापाशी मीटर २५ ओहम दाखवतो. ५० दाखवला तर एक बाजू तुटली आहे असे समजायचे. आणि ज्यांच्यापाशी पैसा होता ते प्रतिध्वनीलाच कामाला लावत. ठोका पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. केबलमध्ये ठोका एका नॅनोसेकंदात सुमारे वीस सेंटिमीटर जातो. म्हणजे शंभर नॅनोसेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर तूट दहा मीटरवर. ज्या प्रतिध्वनीने गोंधळ केला, त्यालाच चोराचा पत्ता विचारायचा.

प्रतिध्वनीवरून दुसरी एक गोष्ट. एनिअ‍ॅक १९४७ मध्ये फिलाडेल्फियाहून मेरिलँडमधल्या अ‍ॅबरडीन इथे लष्कराच्या तोफशास्त्र प्रयोगशाळेत हलवला गेला. २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री तिथेच तो कायमचा बंद झाला. त्याच प्रयोगशाळेत १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस नावाचा तरुण एका संध्याकाळी नेटवर्कच्या विचित्र वागण्याने वैतागला होता. त्याने एक छोटीशी आज्ञावली लिहिली. ती समोरच्या यंत्राला विचारते, ‘आहेस का?’ आणि ‘आहे’ असे उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने तिला नाव दिले ‘पिंग’. आज जगातला प्रत्येक नेटवर्क तंत्रज्ञ दिवसातून एकदा तरी ती वापरतो. मूस २००० साली अपघातात गेला. त्याने स्वतःच एक किस्सा सांगून ठेवला आहे. एका तंत्रज्ञाच्या इमारतीत नेटवर्क मधूनच जाई आणि मधूनच येई. त्याने पिंगला संगणकाच्या बोलण्याच्या आज्ञावलीशी जोडले. दर उत्तराला संगणक मोठ्याने ‘पिंग’ म्हणू लागला. मग स्पीकरचा आवाज वाढवून हा गृहस्थ इमारतभर हिंडला, एकेक जोड हाताने हलवत. पिंग, पिंग, पिंग... आणि एका जोडाला हात लावताच आवाज थांबला. सापडला! रेडिओवर बोलताना हा किस्सा सांगायचा मोह मला आवरत नाही. कानाने शोधलेला बिघाड आहे हा.

सगळेच बिघाड इतके सरळ नसतात. इंटरनेटचा पूर्वज असलेले ‘आर्पानेट’ हे जाळे २७ ऑक्टोबर १९८० रोजी काही तास पूर्ण ठप्प झाले. त्या जाळ्यातली यंत्रे एकमेकांना आपल्या तारांची खबर देत, आणि प्रत्येक खबरीला ० ते ६३ मधला एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा शून्य. नवी खबर आली की जुनी टाकून द्यायची. त्या दिवशी एका यंत्राच्या स्मृतीतून काही खुणा गळू लागल्या. ४४ क्रमांकाच्या खबरीतली एक खूण गळून ती झाली ४०, आणखी एक गळून झाली ८. आता क्रमांक घड्याळासारखे फिरत असल्यामुळे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि फिरून आलेला ८ हा ४४ पेक्षा नवा! तिन्ही खबरी एकमेकींना जुनी ठरवत जाळेभर गरगरत राहिल्या आणि दुसऱ्या कुठल्या कामाला वाव उरला नाही. एखादे यंत्र बंद करून चालू केले तरी शेजारची यंत्रे लगेच त्याच्या हातात त्याच तीन खबरी ठेवत. शेवटी त्या खबरी ज्याच्या नावाच्या होत्या, त्या यंत्राचे काही ऐकूच नका, असा बदल सर्व यंत्रांत करावा लागला. तारेवरून जाताना निरोप बिघडला का, हे तपासण्याची सोय होती. यंत्राच्या पोटात असताना बिघडला तर? ते कुणी तपासत नव्हते. सगळ्यांना दिसत होते नेटवर्कचे दुखणे, आणि मूळ होते एका पेटीतल्या स्मृतीत.

१९९० नंतर एकेका संगणकाला स्वतंत्र वायर आणि मधे एक पेटी, अशी नवी पद्धत रूढ झाली. एकाची वायर तुटली तर बाकीचे चालू राहतात, आणि जोडापाशी एक हिरवा दिवा असतो. तो दिवा लागला नाही तर अर्धे निदान तिथेच होते. पण नव्या वायरीचे फसवे दुखणेही आहे. तिच्यात आठ तारा, चार जोड्या. पूर्ण वेगाला चारही जोड्या लागतात. दहाव्या हिश्श्याच्या वेगाला दोन पुरतात. एक तार आतून तुटली की पुष्कळदा नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप हळू होते. लोक म्हणतात सर्व्हर जुना झाला, नवा घ्या. पन्नास-शंभर रुपयांची वायर आणि लाखो रुपयांची खरेदी यांच्यामध्ये तेव्हा फक्त एक चौकस माणूस उभा असतो.

१९७४ साली स्थापन झालेल्या टँडम या कंपनीने सगळेच दुहेरी असलेले संगणक बँकांना विकायला सुरुवात केली. तिथल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. विषय होता, संगणक थांबतात का? त्यांनी ग्राहकांकडच्या बंद पडण्याच्या नोंदी तपासल्या. यंत्रभागांच्या दोषामुळे १८ टक्के, वीज आणि तारांसारख्या बाहेरच्या कारणांनी १४ टक्के, सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के. आणि देखभाल-व्यवस्थापन करणाऱ्या माणसांमुळे? ४२ टक्के. यंत्र दुहेरी केल्यावर यंत्राचा वाटा कमी झाला आणि मागे माणूस उघडा पडला.

याचे चांगले उदाहरण पुढे ८ ऑगस्ट २०१६ रोजी दिसले. अमेरिकेत अटलांटा इथे डेल्टा विमान कंपनीच्या केंद्रात विजेचे एक उपकरण बिघडले. राखीव वीज होती, ती आलीही. पण सुमारे ७,००० यंत्रांपैकी ३०० च्या आसपास यंत्रे राखीव विजेला जोडलेलीच नव्हती. त्या तीनशेंवाचून बाकीच्यांचे काम चालेना. तीन दिवसांत दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. हा दोष त्या दिवशी निर्माण झाला नव्हता. कुणी जाणून कधी वीज घालवून पाहिली असती तर आधीच सापडला असता. फॉरेस्टरची टिचकी मारायची राहून गेली.

त्याआधी २०१२ च्या ऑक्टोबरात ‘सँडी’ वादळाने न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला पाणी भरले तेव्हा ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत उलटाच प्रकार झाला. सर्व्हर शाबूत, वरच्या मजल्यावरचे जनित्र शाबूत. बुडाला होता तो फक्त तळघरातला, डिझेल वर चढवणारा पंप. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला तळघरातल्या पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. बिघाड कुठे आहे हे एकदा कळल्यावर मात्र तिथल्या लोकांनी उपाय शोधला. अंधाऱ्या जिन्यात माणसांची साखळी करून त्यांनी बादल्यांनी डिझेल सतरा मजले चढवले, आणि सर्व्हर चालू राहिले.

आता १९९८ पासून सर्व्हरच्या पोटात आणखी एक छोटा संगणक बसवण्याची रीत आली आहे. मुख्य यंत्र बंद असले तरी वायरीतल्या थोड्या विजेवर तो जागा असतो. दाब किती, तापमान किती, कोणता पंखा थांबला, कोणत्या क्षणी कोणती वीज गेली, हे तो लिहीत राहतो. हार्वर्डची नोंदवही आणि त्या सहाजणींची नजर जणू एका चिपमध्ये आली आहे. नवी मुंबईतल्या एखाद्या केंद्रातला सर्व्हर बिघडला तर दुसऱ्या शहरात बसलेला तंत्रज्ञ त्या छोट्या संगणकाला विचारतो आणि निदान करतो. पण तार हलवायला माणूस लागतोच. त्या थंडगार दालनात एकसारखी दिसणारी शेकडो यंत्रे रांगेने उभी असतात, आणि चुकीच्या यंत्राची वायर ओढली तर आणखी एक बँक बंद. म्हणून दूरचा तंत्रज्ञ एक आज्ञा देतो आणि त्या एकाच यंत्रावरचा निळा दिवा लुकलुकू लागतो. फोन कानाला लावून रांगेतून चालणारा माणूस त्याच्यापाशी थांबतो, खाली वाकतो, आणि आधी प्लग नीट बसला आहे ना, ते हाताने दाबून पाहतो.